दोन पिकं, दोन बाजार

बाजार मोकळा असावा की सरकारने त्यावर नियंत्रण ठेवावं? माझ्या पिढीला हा प्रश्न बहुतेक वेळा वादसभेतच भेटतो, आणि तिथे बाजू आधीच वाटून दिलेल्या असतात. एका बाजूच्या तोंडी ॲडम स्मिथ आणि १९९१ चं उदारीकरण, दुसऱ्या बाजूच्या तोंडी मक्तेदारी आणि पिळवणूक. टाळ्या दोघांनाही मिळतात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला मात्र यातली कुठलीच बाजू धड पटत नाही. आमच्याकडे बांधाच्या अलीकडे द्राक्षाची बाग असते आणि पलीकडे कांदा. दोन्ही पिकांना पाणी एकाच विहिरीचं, कर्ज एकाच सोसायटीचं, राबणारे हातही तेच. बाजार तेवढे निराळे. द्राक्षं बहुतांशी बागेतच विकली जातात. तिथे ना समिती, ना लिलाव. कांदा बाजार समितीत जातो. तिथे नियम आहेत, आणि त्या नियमांच्या वर दिल्लीहून केव्हाही निघणारी अधिसूचना आहे.

या दोन्ही बाजारांत शेतकरी बुडालेला मी पाहिला आहे. एकीकडे तो नियम नसल्यामुळे बुडतो, दुसरीकडे हुकमामुळे. माझं मत आधीच सांगून टाकते. मी मोकळ्या बाजाराच्या बाजूची आहे, आणि म्हणूनच मला नियम हवे आहेत. काटा बरोबर आहे ना, बोली उघड होते ना, पैसे वेळेवर मिळतात ना, हे पाहणारा नियम बाजाराला उभा करतो. भाव अमुक बाजूला ढकलण्यासाठी रातोरात निघालेला हुकूम बाजार मोडतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टींना 'सरकारी नियंत्रण' हे एकच नाव आहे, आणि वादसभेतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

बागेतला सौदा

जानेवारीपासून मार्चअखेरपर्यंत आमच्या भागात द्राक्षाचा हंगाम जोरात असतो. व्यापारी थेट बागेत येतो. ओळीओळीतून फिरतो, घड हातात धरून मण्याची फुगवण आणि रंग बघतो, दोन मणी तोंडात टाकतो, तिसऱ्याचा रस छोट्या मीटरवर टाकून साखर मोजतो. मग बांधावर उभ्याउभ्या किलोचा भाव ठरतो. थोडा इसार हातावर ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे मजूर येतात, कात्रीने घड उतरवतात, क्रेट भरतात आणि गाडी निघून जाते. उरलेले पैसे आठवड्याभरात. लिखापढी असलीच तर वहीच्या एका पानावर, नसली तर फोनवरच्या शब्दावर.

पुस्तकातला मोकळा बाजार तो हाच. विकणारा राजी, घेणारा राजी, मध्ये कुणी नाही. बहुतेक सौदे सरळ पार पडतात, हेही खरं; नाहीतर हा धंदा इतकी वर्षं टिकला नसता. पण दर हंगामात एखाददुसरा व्यापारी चार गावांचा माल उचलतो आणि फोन बंद करून नाहीसा होतो. आमच्या घरची एका वर्षाची बाग अशीच गेली. पहिल्या गाड्यांचे पैसे चोख आले, त्या विश्वासावर पुढच्या गाड्या उधारीवर गेल्या, आणि मग त्या माणसाची भाड्याची खोली रिकामी सापडली. तक्रार द्यायला गेल्यावर पहिला प्रश्न आला, त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता काय? ते सांगता येईल अशी एकही अधिकृत नोंद कुठे नव्हती.

२०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी शेतकऱ्यांचे पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांविरुद्ध खास मोहीम उघडली आणि कित्येकांचे पैसे परत मिळवून दिले. ही मोहीम शेतकऱ्यांना फार मोठा आधार वाटली. पण विकलेल्या मालाची वसुली पोलिसांनी करावी लागते, याचा अर्थ त्या बाजाराच्या पायातच काहीतरी कमी आहे. बाजाराला स्वातंत्र्य तर हवंच. त्याच्या जोडीला घेणाऱ्याची ओळख लागते, सौद्याची नोंद लागते, आणि पैसे अडकले तर लवकर दाद मिळेल अशी जागा लागते. या तिन्ही गोष्टी एकटा शेतकरी उभ्या करू शकत नाही. त्या सगळ्यांनी मिळूनच उभ्या कराव्या लागतात, आणि सगळ्यांनी मिळून करायच्या कामासाठीच आपण सरकार नेमतो.

याच द्राक्षाची दुसरी बाजू युरोपच्या निर्यातीत दिसते. तिथे नियम इतके कडक आहेत की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जाच वाटावा. बागेची नोंदणी करायची, फवारणीची नोंद ठेवायची, तोडणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने घडांचे नमुने न्यायचे, औषधांचे अंश मर्यादेत असले तरच माल नोंदणीकृत पॅकहाउसमध्ये जायचा. 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय व्यवस्था सुरू केली. तिच्यामुळे परदेशातल्या दुकानातल्या खोक्यावरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. एवढं असूनही २०१० च्या हंगामात युरोपला पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर तपासणी आणखी कडक झाली आणि त्या कडक तपासणीच्या जोरावरच युरोपचा बाजार टिकला. नियम वाढले म्हणून व्यापार आटला नाही. नियम पाळले जातात याची खात्री पटली म्हणून व्यापार चालू राहिला. 'नियम कमी तितका बाजार मोकळा' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही निर्यात एकदा नीट अभ्यासावी.

रुमालाखालची बोटं

महाराष्ट्रात बाजारावर कायदा आला तो कुणाच्या समाजवादी स्वप्नातून आला नाही. तो इंग्रजी अमलात आला, आणि त्याआधी बराच भडका उडून गेला होता.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव आपटला. वाढवून बसवलेला शेतसारा मात्र खाली आला नाही. सावकाराच्या कर्जखतावर अंगठा उठवणाऱ्याला त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि न्यायालय कागद पाहून हुकूमनामा देत होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि खतं जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. चौकशी झाली, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ देणंघेणं तपासण्याची मुभा दिली. दोन माणसांनी राजीखुशीने केलेला करार म्हणजे स्वातंत्र्य, असं आपण सहज म्हणतो. पण एकाला कागद वाचता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, तेव्हा तो करार एकाच्याच राजीखुशीचा असतो.

पुढे १८८६ मध्ये वऱ्हाडातल्या कारंजा इथला कापूसबाजार कायद्याखाली आला. आज वाशीम जिल्ह्यात असलेलं हे कारंजा देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ मानलं जातं. हेतू अर्थातच आपल्या शेतकऱ्याच्या भल्याचा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस हवा होता. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने देशभर असे नियंत्रित बाजार व्हावेत अशी शिफारस केली. तेव्हाच्या बाजारात अडत्या (शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा दलाल) आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून तोंडाकडे बघत बसे. वजनात घट धरून 'कडता' कापला जाई, धर्मादाय कापला जाई, नमुना म्हणून ओंजळ ओंजळ माल उचलला जाई. मुंबई प्रांताचा १९३९ चा आणि नंतर महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा या लुटीला उत्तर म्हणून आला. बोली उघड्यावर, वजन परवानाधारक मापाड्याकडून, कापल्या जाणाऱ्या प्रत्येक पैशाची पट्टी, हे त्या कायद्यांचं सार.

लिलावाची रांग

आमच्याच तालुक्यातल्या लासलगावची बाजार समिती १९४७ ची. सकाळी आवारात शिरलं की ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पिकअपच्या रांगा लागलेल्या दिसतात. समितीचा माणूस पुकारा करत एकेका ट्रॉलीपाशी येतो, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. कुणी ट्रॉलीत हात घालून खालचा कांदा वर काढतो, कुणी पत्ती सुटली आहे का ते बघतो, कुणी मापाचा अंदाज घेतो. बोली वीस-वीस, पन्नास-पन्नास रुपयांनी चढते आणि बघता बघता क्विंटलचा भाव तुटतो. पावती हातात पडते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. मग ट्रॉली भुईकाट्यावर, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर, आणि शेवटी हिशेबपट्टी. वर्षाच्या मेहनतीचा निकाल असा डोळ्यांदेखत, सगळ्यांसमोर लागतो. मनासारखा लागला नाही तरी कुठे काय झालं ते कळतं.

या व्यवस्थेची ताकद जोखायची असेल तर २०१६ कडे बघावं. त्या वर्षी राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या सक्तीतून मोकळा केला. कांदा-बटाटाही त्यात आला. शेतकऱ्याकडून कापली जाणारी अडत, म्हणजे अडत्याची दलाली, खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. म्हणजे आज कांदा आवाराबाहेर विकायला कायद्याची आडकाठी नाही. तरीही लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या आवारांत रांगा लागतातच. सक्ती उठल्यावरही लोक जिथे आपणहून येतात, तिथल्या नियमांत काहीतरी मोलाचं आहे, याहून मोठा पुरावा कुठला हवा?

पण बाजार समितीच्या त्याच कायद्याने एक आजारही जन्माला घातला. आवारात बोली लावायला परवाना लागतो, आणि परवाने पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांत फिरू लागले. २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगासाठी महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदाबाजारांचा अभ्यास झाला. मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांचं वर्चस्व आणि नव्याला शिरकाव मिळण्यातली अडचण त्यातही नोंदली गेली. याची झळ कशी बसते ते व्यापाऱ्यांच्या बंदमध्ये दिसतं. जुलै २०१६ मध्ये अडतीवरून बंद झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये निर्यात शुल्कावरून नाशिक जिल्ह्यातले लिलाव जवळजवळ दोन आठवडे ठप्प होते. भांडण व्यापारी आणि सरकारचं, सडला तो शेतकऱ्याच्या साठवणीच्या चाळीतला कांदा. मूठभर खरेदीदारांनी हात आखडता घेतला की सगळा बाजार थांबत असेल, तर तो मोकळा बाजार नव्हे. लिलावाचे नियम राहू देत. परवान्याची दारं मात्र सताड उघडली पाहिजेत.

कापसाचं एकच गिऱ्हाईक

व्यापारी लुटतात म्हणून व्यापारीच नको, ही वाटसुद्धा महाराष्ट्राने चालून पाहिली आहे. १९७१ चा कायदा आणि १९७२ चा हंगाम, तेव्हापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी योजनेतच विकायचा. हमीभाव ठरलेला, आणि फायदा झाला तर वर बोनस. सुरुवातीच्या काळात विदर्भ-मराठवाड्यात या योजनेने कित्येक घरांना आधार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण गिऱ्हाईक एकच असलं की तोलामोलाची भाषा संपते. संकलन केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून वाद होत, चुकारे महिनोन्‌महिने लांबत. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जायला निघे, आणि स्वतः पिकवलेला कापूस चांगल्या भावाने विकायला निघालेला शेतकरी नाक्यावर गुन्हेगार ठरे. बाहेर भाव पडला की उलट सगळा कापूस योजनेकडे लोटे आणि तोटा तिजोरीवर पडे. हा तोटा हजारो कोटींवर गेला. २००२ नंतर एकाधिकार सुटला आणि खासगी खरेदीला वाट मिळाली. बाजारातली लबाडी रोखणं वेगळं आणि बाजाराची जागा स्वतः घेणं वेगळं, हे त्या तीस वर्षांनी दाखवून दिलं. आजही माझ्या वयाची मुलं 'सगळा माल सरकारनेच घ्यावा' असं म्हणतात तेव्हा मला विदर्भातल्या त्या रांगा त्यांना सांगाव्याशा वाटतात.

भाव काय सांगतो

फ्रेडरिक हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. समाजातली माहिती कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही. ती लाखो माणसांत थोडी थोडी विखुरलेली असते आणि भाव ती गोळा करून सगळ्यांपर्यंत पोचवतो. कर्नाटकात पाऊस लांबला, चाळीतल्या कांद्याला कोंब फुटले, मलेशियात मागणी वाढली, यातलं काहीही मला ठाऊक नसलं तरी चढलेला भाव मला सांगतो की कांदा जपून विका आणि पुढच्या हंगामात थोडा जास्त लावा.

कांद्याच्या बाबतीत हा निरोप उशिरा पोचतो, ही खरी अडचण. उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे रोपांसाठीचं बी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकतात, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि माल निघतो मार्च ते मेमध्ये. लागवडीच्या वेळी भाव चांगला दिसला की सगळेच कांदा लावतात, आणि काढणीच्या वेळी सगळ्यांचा माल एकदम येऊन भाव पडतो. त्या रागात पुढच्या वर्षी लागवड घटते आणि भाव पुन्हा चढतो. हे चक्र सरकारने तयार केलेलं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यातबंदी नव्हती, तरी भाव गडगडले. सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हाती सगळा खर्च वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला. राज्य सरकारने मग क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलच्या मर्यादेत. बाजार सोडून दिला की सगळं आपोआप सुरळीत होतं, असं मानणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनी तो धनादेश डोळ्यांसमोर ठेवावा.

या चक्रातून सावरायला शेतकऱ्याला एकच गोष्ट मदत करते, ती म्हणजे चांगल्या वर्षाची कमाई पदरात पडणं. नेमकी तीच हुकमाने काढून घेतली जाते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेरीस टनाला किमान ८०० डॉलर निर्यातमूल्याची अट आली. ८ डिसेंबरला निर्यातच बंद झाली. मार्च २०२४ मध्ये बंदीची मुदत वाढली, ४ मे रोजी ती उठली पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ रोजी तेही गेलं. वीस महिन्यांच्या आत सात निर्णय. या मुदतीत शेतकऱ्याने कुठल्या भरवशावर लागवडीचा हिशेब मांडायचा?

डिसेंबरच्या बंदीचा घाव खोल बसला, कारण तेव्हा बाजारात असतो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो. लाल कांद्यात पाणी जास्त, तो साठवता येत नाही. आज भाव नाही म्हणून महिनाभर थांबू, ही सोय त्या शेतकऱ्याला नव्हती. दोन-तीन आठवड्यांत भाव निम्म्याच्या आसपास आले.

शेतकऱ्याची कमाई अशी हुकमाने काढून घेतली जाते, हे कित्येक वर्षांपूर्वी ठणकावून सांगितलं ते शेतकरी नेते शरद जोशींनी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, आणि १९७८ मध्ये चाकणच्या कांदा उत्पादकांना घेऊन उभे राहिले. १९८० मध्ये ऊस आणि कांद्याच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांच्या शेतकरी संघटनेची घोषणा. शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब राहत नाही, भाव पाडणाऱ्या धोरणामुळे गरीब राहतो, हे त्यांचं म्हणणं. जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला देशभर विरोध होत असताना त्यांनी जागतिक बाजाराचं स्वागत केलं. मोकळ्या बाजाराची मागणी उद्योगपतींनीच करायची असते, हा समज त्यांनी खोडून काढला. आपल्याकडे ती मागणी अनवाणी माणसांनी रस्त्यावर बसून केली आहे.

शहरातलं ताट

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे कांदा विकत घेणाऱ्यांचं, म्हणणंही तितक्याच गांभीर्याने ऐकायला हवं. पुण्यात शिकताना मी राहत होते तिथे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना कांदा ऐंशी रुपये किलो झाल्यावर हात आखडावा लागे. त्यांच्या पगारात वाढ होत नाही, भाजीच्या पिशवीचं वजन घटतं. सरकारांनाही याची धास्ती असते. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातल्या सरकारची सत्ता गेली त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता, आणि तेव्हापासून कांदा चढला की मंत्रालयं खडबडून जागी होतात. मावशींची अडचण खरी आहे आणि तिला उत्तर देणं सरकारचं कामच आहे.

माझा आक्षेप पैसे कोणाच्या खिशातून काढले जातात, याला आहे. निर्यात बंद केली की शहरातल्या सगळ्यांनाच स्वस्त कांदा मिळतो. मावशींना मिळतो तसा पंचतारांकित हॉटेलालाही मिळतो, आणि त्याचा भार उचलतो दोन एकरांचा शेतकरी. तिजोरीतून खर्च झाला असता तर अर्थसंकल्पात दिसला असता, संसदेत त्यावर प्रश्न आले असते. शेतकऱ्याच्या खिशातून झालेला खर्च कुठल्याच कागदावर दिसत नाही. म्हणूनच तो सोपा पडतो. त्यापेक्षा काढणीच्या वेळी बाजारभावाने खरेदी करून साठा ठेवणं आणि टंचाईत गरीब वस्त्यांपर्यंत तो स्वस्तात पोचवणं अधिक प्रामाणिक आहे. केंद्राच्या भाव स्थिरीकरण निधीतून नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था हे काम करतात. ऑगस्ट २०२३ मध्ये शहरांत २५ रुपये किलोने कांदा विकला गेला तो याच साठ्यातला. त्याच्या जोडीला चांगल्या चाळी, शीतगृहं आणि प्रक्रिया उद्योग यांवर खर्च झाला, तर सप्टेंबर-ऑक्टोबरची ओढाताण मुळातच कमी होईल.

२०२० ने काय शिकवलं

जून २०२० मध्ये केंद्राने शेतमाल व्यापाराचे तीन अध्यादेश काढले. त्यांतल्या एकाने १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याची पकड ढिली केली. फळं-भाजीपाल्याचा किरकोळ भाव दुप्पट झाल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालायची नाही, असं त्यात होतं. ही तरतूद मला मनापासून योग्य वाटते. मर्यादा केव्हा लागेल, हे आधीच सांगणारा तो नियम होता. पण १४ सप्टेंबर २०२० रोजी त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने त्या अध्यादेशाच्या जागी येणारं सुधारणा विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये साठ्यावरही मर्यादा आली. स्वातंत्र्याचा कायदा आणि बंदीचा हुकूम एकाच आठवड्यात बघितलेल्या शेतकऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा?

त्या तीनपैकी दुसऱ्या कायद्यात उलट दोष होता. आवाराबाहेर व्यापार करायला पॅन कार्ड पुरेसं ठरवलं गेलं, आणि पैसे बुडाले तर दिवाणी न्यायालयाऐवजी प्रांताधिकाऱ्याकडे जायचं. द्राक्षाच्या बागेत जे घडतं ते ज्याने पाहिलं आहे, त्याला यातला धोका समजावून सांगावा लागत नाही. चर्चा न करता आणलेले ते कायदे वर्षभराच्या आंदोलनानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले गेले, आणि वाईटाबरोबर चांगलंही वाहून गेलं.

तीन प्रश्न

तेव्हापासून बाजाराविषयी कुठलाही कायदा किंवा अधिसूचना समोर आली की मी तीन प्रश्न विचारते. ज्याला ती लागू आहे त्याला ती पेरणीच्या आधी माहीत होती का? ती दोन्ही बाजूंना बांधते की एकालाच? आणि तिचा खर्च कोण उचलतं, ते कागदावर दिसतं का? उघडा लिलाव, खरा काटा, चोवीस तासांत पैसे, बागेची नोंदणी, औषधांची तपासणी हे सगळं या कसोटीवर उतरतं. कापसाचा एकाधिकार, रातोरातची निर्यातबंदी आणि मूठभरांना मिळालेले परवाने उतरत नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा आपण नुकतीच कांद्याची निर्यात थांबवली होती. निदान आधी कळवत जा, असं त्या भर सभेत म्हणाल्या. शेजारच्या देशाच्या पंतप्रधानांची जी मागणी, तीच आमच्या गावच्या शेतकऱ्याची.

वाचणाऱ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, तुम्ही डावे असा किंवा उजवे, एकदा जवळच्या बाजार समितीत सकाळचा लिलाव बघायला जा आणि एखाद्या शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्याच्या शेजारी बसून वाचा. मग आपल्या आमदार-खासदारांकडे दोन गोष्टींसाठी आग्रह धरा. बागेतून माल उचलणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याची नोंदणी आणि बँक हमी सक्तीची करा. आणि कांद्याच्या निर्यातीचं धोरण ऑक्टोबरमध्ये, उळं टाकण्याआधी जाहीर करा आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत त्याला हात लावू नका. पहिली मागणी नियमाची आहे, दुसरी स्वातंत्र्याची, आणि शेतकऱ्याला या दोन्ही एकदमच लागतात.